लॉगआउट झाल्यानंतर

पहाटे 5:50

मुलुंडच्या घरात चहाचं आधण ठेवलं की मी फोन उघडते. रात्रीच्या कामांचे निरोप तोवर आलेले असतात. आमच्या बऱ्याचशा सर्व्हरांची घड्याळं भारतीय वेळेवर नाहीत, ग्रिनिचच्या वेळेवर आहेत. म्हणजे आपली मध्यरात्र त्यांच्याकडे संध्याकाळी 18:30 ला होते आणि त्यांची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला. नव्या माणसाने ‘रात्री बाराला लाव’ म्हणून लावलेला जॉब दारात दुधाच्या पिशव्या पडायच्या वेळी सुरू होतो, आणि दिवसभर कोणालाच कळत नाही की कालचे आकडे आज दुपारी का दिसताहेत. निदान भारतात घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे होत नाही. अमेरिकेतल्या वेळेवर जॉब लावणाऱ्यांना मार्चमधल्या एका रात्री अडीच वाजतच नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो.

निरोप वाचायची माझी रीत उलटी आहे. आलेले नंतर वाचते, न आलेले आधी शोधते. ‘काही बिघडलं तर मेल येईल’ अशी व्यवस्था लावून निवांत झोपणाऱ्यांचं मला नवल वाटतं. जॉब मध्येच फसला तर मेल येतो, हे खरं. पण जॉब सुरूच झाला नाही, सर्व्हरच बंद होता किंवा मेल पाठवणारा प्रोग्रॅमच आधी मेला, तरी फोन तसाच गप्प असतो. म्हणून आमच्याकडे रात्रीच्या प्रत्येक कामाने शेवटी एक ओळ पाठवायचीच: कधी सुरू झालं, कधी संपलं, किती नोंदी आत आल्या, किती बाहेर गेल्या. आत आणि बाहेर जुळलं तरच चहा गाळायचा.

आज जुळलं.

7:55

मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रो, मरोळ नाका. 2014 च्या जूनमध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून हाच रस्ता. त्याआधी हेच अंतर रिक्षा आणि बसने साकीनाक्याच्या कोंडीतून काढावं लागे. घाटकोपरच्या पुलावर मात्र गर्दी तीच, फक्त उभं राहण्याची जागा बदलली.

9:20

ऑफिस मरोळच्या एमआयडीसीत. सीप्झचं फाटक इथून फार लांब नाही. निर्यातीसाठी म्हणून 1973 मध्ये सरकारने अंधेरीत तो पट्टा आखला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून बाहेर धाडायची कल्पना होती. पुढे सॉफ्टवेअर आणि दागिने या दोन धंद्यांनी तो भरून टाकला. आमचं काम त्यामानाने साधं, इथल्याच मातीतलं. सहकारी बँका आणि पतपेढ्या यांचे हिशेब जुळवणं, खात्यांचे उतारे काढणं, व्याज लावणं, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणं. यातलं फारसं काही माणसाने समोर बसून करायचं नसतं. माणसाने सांगायचं आणि निघून जायचं. यंत्राने नंतर करत बसायचं.

पूर्वी हे ‘नंतर’ म्हणजे रात्र असायची. बँकेचा दिवस संपला, खिडक्या बंद झाल्या की दिवसअखेरचे जॉब लागायचे आणि सकाळपर्यंत भरपूर वेळ असायचा. पैशालाही साप्ताहिक सुट्टी होती. मग 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास आणि सगळे दिवस चालू झालं, दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे दिवसाला 48 फेऱ्या. त्यापाठोपाठ 14 डिसेंबर 2020 ला आरटीजीएस. 1 ऑगस्ट 2021 पासून ज्यावरून पगार जमा होतात आणि हप्ते, एसआयपी कापले जातात ते एनएसीएचसुद्धा रविवारी आणि बँकेच्या सुट्टीच्या दिवशी चालू लागलं. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तमच. पण लोकलच्या रुळांना एकच्या सुमाराची शेवटची गाडी गेल्यापासून चारच्या आसपासची पहिली गाडी येईपर्यंत दुरुस्तीला मोकळीक मिळते, शिवाय रविवारचा मेगाब्लॉक असतो. पैशाच्या रुळांना तेवढीही उसंत उरली नाही.

याचा परिणाम असा की ‘रात्री एकदा लावला, सकाळी झाला’ असा जॉब आता कमी. मोठं काम तुकड्यातुकड्याने, दिवसाच्या कामाला धक्का न लावता, मागे चालू ठेवावं लागतं. मी जेवायला गेले, मीटिंगला गेले, घरी गेले, तरी ते चाललं पाहिजे, आणि थांबवलं तर थांबलेल्या जागेवरून पुढे गेलं पाहिजे. माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे मी नसताना काय होईल याची तजवीज. पगारपत्रकावर या कलेचं नाव नाही.

11:40

बोरिवलीहून येणारा आमचा नवा मुलगा खुर्ची ओढून बसला. कॉलेजातून नुकताच आलाय, हुशार आहे, प्रश्न विचारायला लाजत नाही.

“मॅडम, मी कमांडच्या शेवटी ते अँडचं चिन्ह लावतो. बॅकग्राउंडला जातो ना जॉब? एकदा लॉगआउट केलं, जॉब चालू राहिला. दुसऱ्यांदा घरून लावला, नेट गेलं, जॉब उडाला. कमांड तीच!”

“कमांड तीच. पण तू गेलास दोन वेगळ्या तऱ्हांनी.”

हे नीट सांगण्यासारखं आहे, कारण वर्षानुवर्षं सर्व्हरवर काम करणाऱ्यांनाही याचं उत्तर अर्धवट माहीत असतं. तुम्ही सर्व्हरवर शिरता तेव्हा तुमच्यासाठी एक शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, सुरू होतो, बहुतेक ठिकाणी बॅश. तुम्ही लावलेली प्रत्येक कमांड ही त्या शेलचं अपत्य असते. अँडचं चिन्ह एवढंच सांगतं की या अपत्याची वाट बघत बसू नकोस, मला पुढची कमांड लिहू दे. नातं तुटत नाही. आता तुम्ही स्वतः ‘एक्झिट’ लिहून शांतपणे निघालात, तर बॅश सहसा मागच्या कामांना काहीच करत नाही. तशी सोय बॅशमध्ये आहे, पण मुळात ती बंद ठेवलेली असते. शेल गेला की ती कामं पोरकी होतात आणि यंत्रावरची 1 क्रमांकाची प्रक्रिया त्यांना आपल्याकडे घेते. पण तुमची लाइनच तुटली, तर गोष्ट निराळी. तेव्हा शेललाच ‘लाइन गेली’ असा इशारा येतो, आणि मरण्याआधी बॅश तोच इशारा आपल्या सगळ्या कामांना पाठवतो. इशारा मिळाल्यावर काय करायचं हे ज्या प्रोग्रॅमला कोणी शिकवलेलं नाही, तो मरतो.

या इशाऱ्याचं नाव सिगहप, क्रमांक 1. तो टेलिफोनच्या काळातला. तेव्हा दूरच्या यंत्रावर टर्मिनल फोनच्या लाइनवरून जोडलेलं असे. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला की या बाजूच्या यंत्राला कळायला हवं, नाहीतर गेलेल्या माणसाचे प्रोग्रॅम महागडं यंत्र अडवून बसणार. म्हणजे लाइन तुटली की सगळं आवरून टाकायचं हा तेव्हाचा शहाणपणा होता, आणि ज्याला खरंच मागे काम ठेवून जायचं असेल त्याच्यासाठी नोहप ही वेगळी सोय. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत ती आहे. काम एकच: हा इशारा कानावर घेऊ नकोस, असं सांगून प्रोग्रॅम सुरू करून देणं.

मुंबईत लाइन तुटणं म्हणजे काय हे आमच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल खातं मिळे, नुसती अक्षरं, चित्र नाही. मोडेम फोन लावायचा, करकर आवाज करायचा, आणि तुम्ही खरं तर व्हीएसएनएलच्या यंत्रावर जाऊन बसायचात. काही उतरवायचं तर आधी ते त्या यंत्रावर उतरवायचं आणि मग तिथून घरी ओढायचं. मध्येच आतल्या खोलीत कोणी एक्स्टेन्शन उचललं की संपलं. त्या काळात नोहप किंवा स्क्रीन शिकलेला मुलगा गल्लीत भाव खाऊन जायचा, कारण फोनचं बिल त्याच्या घरी कमी यायचं.

मुलगा हसला. “मग नोहप लावला की झालं.”

झालं नाही. नोहप इशारा अडवतो, पण काम मागे टाकत नाही. अँडचं चिन्ह लागतंच. शिवाय सिगहप हा मरण्याचा एकच रस्ता आहे. प्रोग्रॅम दर मिनिटाला पडद्यावर एक ओळ लिहीत असेल आणि पडदाच नाहीसा झाला, तर पुढची ओळ लिहिताना त्याला चूक मिळते आणि कितीतरी प्रोग्रॅम तिथेच मान टाकतात. नोहप यासाठी लिखाण नोहप.आउट नावाच्या फाइलीत वळवतो. आणखी एक भानगड म्हणजे मागे गेलेला प्रोग्रॅम मध्येच विचारतो, ‘पुढे जाऊ का, हो की नाही?’ उत्तर द्यायला कीबोर्डवर कोणी नसतं. मागून कीबोर्ड वाचायला जाणाऱ्या कामाला यंत्र जागीच थांबवून ठेवतं. ते मेलेलं नसतं, चालतही नसतं. सकाळी येऊन बघावं तर यादीत नाव आहे आणि काम तिथल्या तिथे. अशा कामावर वाट बघण्यात माणसाचा अख्खा दिवस जातो. म्हणून निघण्यापूर्वी तिन्ही धागे सोडवायचे: इशारा, लिहिणं, वाचणं. वाचण्याच्या ठिकाणी रिकामं काहीतरी जोडून द्यायचं, म्हणजे प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम अडून राहण्याऐवजी तिथेच बोंब मारतो.

“आणि आधीच समोर लावून बसलो असेन तर? समजा साडेपाच वाजलेत, गाडी गाठायचीय.”

कंट्रोल-झेडने थांबव, ‘बीजी’ म्हणून मागे टाक, ‘डिसओन’ म्हणून बॅशच्या यादीतून नाव काढ. मग लाइन तुटली तरी बॅश त्याला इशारा पाठवणार नाही. पण लिहिण्याचा धागा पडद्यालाच बांधलेला राहतो, तेव्हा ही युक्ती गाडी सुटत असतानाची, रोजची नव्हे. आणि कंट्रोल-झेड करून ‘बीजी’ विसरलास, तर निघताना बॅश एकदा टोकतो की थांबलेली कामं आहेत. दुसऱ्यांदा तू एक्झिट म्हणालास की तो निघून जातो आणि त्या कामाचा शेवट होतो. ती पाटी लोक वाचत नाहीत.

1:15

डबे. आज आमचे सल्लागार सर आले होते. सत्तरी ओलांडलीय, पवईच्या आयआयटीत शिकलेले. आमचं सकाळचं बोलणं कानावर गेलं असावं. ते म्हणाले, “तुम्हाला लॉगआउटनंतर काम चालण्याचं कौतुक. आमच्या वेळी दुसरा प्रकारच नव्हता.”

पवईची संस्था 1958 मध्ये युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीने उभी राहिली, त्यामुळे तिथली सुरुवातीची यंत्रंही तिकडचीच, आधी मिन्स्क, पुढे ईसी-1030. सर सांगतात, प्रोग्रॅम कार्डांवर पंच करायचा, गठ्ठा रबरबँड लावून खिडकीत द्यायचा आणि वसतिगृहावर जायचं. ऑपरेटर आपल्या क्रमाने गठ्ठे यंत्राला घालणार. दुसऱ्या दिवशी कागद मिळणार, त्यात उत्तर तरी असेल किंवा तुम्ही कुठे स्वल्पविराम विसरलात ते तरी. यंत्रासमोर बसून त्याच्याशी बोलायची चैन नंतरची. म्हणजे माणूस गेल्यावर काम होणं हीच मूळ पद्धत आणि समोर बसून राहणं हीच नवलाई. एकदा ती चैन मिळाल्यावर मात्र आपण परत मागे काम सोडून जायचे मार्ग शोधू लागलो.

जुहूची गोष्टही तशीच. तिथली एनसीएसटी ही सॉफ्टवेअरची संस्था 1985 मध्ये टीआयएफआरमधून वेगळी झाली, आता ती सी-डॅकची मुंबई शाखा. शिक्षणसंस्थांना जोडणारं एर्नेट हे जाळं उभं राहत होतं त्या दिवसांत तिथून पवईला संगणकी टपाल फोनच्या लाइनवरून जायचं. आपण पत्र लिहून यंत्राकडे ठेवायचं आणि उठायचं. यंत्र आपल्या वेळेला फोन लावून साठलेलं सगळं पलीकडे देणार. लाइन लागली नाही तर पुन्हा प्रयत्न करणार. पाठवणारा तोवर विलेपार्ल्याला गाडीत असायचा.

सरांनी कोशिंबीर संपवली आणि विचारलं, “तुमचा गठ्ठा परत न्यायला कोण येतं हे कोणाला माहीत असतं का आता?” उत्तर द्यायच्या आत त्यांना कोणीतरी बोलावून नेलं.

3:00

सरांचा प्रश्न डोक्यात राहिला. एका सर्व्हरची क्रॉनची यादी काढली, कोणाच्या खात्यावर काय लागलंय ते. वेळेवर आपोआप काम लावणारा क्रॉन हा सत्तरच्या दशकापासूनचा. आज बहुतेक लिनक्सवर जो आहे तो पॉल व्हिक्सीने 1987 मध्ये लिहिलेल्याचा वंशज. त्याची खोड अशी की तो माणसाच्या नावावर काम लावतो. माणूस गेला तरी नाव राहतं. राजीनाम्याच्या दिवशी नुसता पासवर्ड बंद केला तर क्रॉनची कामं बहुधा चालूच राहतात. खातंच पुसलं तर ती गुपचूप बंद पडतात. दोन्ही वाईट.

यादीत एक नाव होतं, आता टोरांटोत असलेल्या जुन्या सहकाऱ्याचं. रोज रात्री 2:10 ला काहीतरी लागतं, चार मिनिटांत संपतं. स्क्रिप्ट उघडून पाहिली. एका बँकेच्या नावाचं लघुरूप, एक फाइल तयार करणं, एका पत्त्यावर पाठवणं, खाली आणखी एका स्क्रिप्टला हाक. टिपण एका अक्षराचं नाही. त्याला मेसेज टाकला. तिकडे पहाट होती.

4:30

आजचं खरं काम. एका पतपेढीच्या सभासदांची जुनी नोंदवही युनिकोडमध्ये आणायची आहे. ज्यांनी हे केलं नाही त्यांना वाटतं, मराठी ते मराठीच, त्यात काय बदलायचं. पण नव्वदच्या दशकात आणि नंतरही कितीतरी वर्षं आपल्याकडे मराठी टंकलेखन फाँटच्या जोरावर चाललं. आयएससीआयआयचं भारतीय मानक 1991 पासून होतं, सी-डॅकची साधनं होती, पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी घरोघरी होती. पण ज्याच्या त्याच्या फाँटची आतली आकडेमोड वेगळी. फाँट काढून घेतला की नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. शिवाय जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये उलट. ‘कार्तिक’ या नावात दोन्ही एकदम येतात, तेव्हा नव्या प्रोग्रॅमची परीक्षा मी कार्तिकवरच घेते. शंकास्पद नावं बाजूला काढून माणसाकडून तपासायची असतात, कारण बँकेच्या नोंदीत ‘शिंदे’चा ‘शिदे’ झाला तर उद्या वारसाला फेऱ्या माराव्या लागतात.

काम सहा-सात तासांचं. म्हणजे आम्ही घरी गेल्यावर संपणार.

5:15

मुलाला म्हटलं, लावायच्या आधी सांग, अर्ध्यात मेलं तर काय करशील?

“पुन्हा पहिल्यापासून.”

तिथेच अडवला. शाखावार तुकडे कर. एक शाखा झाली की ‘झाली’ अशी खूण ठेव. पुन्हा लावलं तर खूण असलेल्या शाखा सोडून पुढे जाऊ दे. लॉगमधल्या प्रत्येक ओळीला वेळ हवी, नाहीतर शेवटची ओळ आत्ताची की दुपारची हे कळत नाही. एक कुलूप फाइल ठेव, म्हणजे कोणी चुकून हाच जॉब दुसऱ्यांदा लावला तर दुसरा आत शिरणारच नाही. प्राधान्य कमी कर, दिवसाची माणसं अजून काम करताहेत. एवढं करायला त्याला अर्धा तास लागला आणि त्याचा चेहरा पडला, कारण मूळ कमांड एका ओळीची होती.

मग चालवायचं कशात? हे एकदाच करायचं काम आहे आणि मध्ये डोकावून बघावं लागणार, म्हणून टीमक्स. स्क्रीन हा त्याचा थोरला भाऊ, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात 1987 मध्ये लिहिला गेला. टीमक्स 2007 चा. दोघांची युक्ती एकच: शेल तुमच्या लाइनला न बांधता सर्व्हरवरच्या वेगळ्या प्रक्रियेला बांधायचा. तुम्ही फक्त बघे. कंट्रोल-बी आणि डी दाबून निघून जा किंवा वायफाय जाऊ दे, आतल्या कामाला पत्ता लागत नाही. घरी जाऊन पुन्हा जोडलं की खिडकी जशी सोडली तशी समोर. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली तेव्हा आम्ही सगळे घरूनच काम करत होतो. लोकल जागच्या जागी उभ्या, मुलुंडला माझा राउटर गप्प. टीमक्समधली कामं मात्र चालत राहिली, आणि ज्यांनी साध्या खिडकीत लावली होती त्यांची दुपार नव्याने लावण्यात गेली.

पण टीमक्सवर माझा एक राग आहे. लोक त्यात कायमची कामं वसवतात. ‘तो प्रोग्रॅम ना, तो तिसऱ्या खिडकीत चालू असतो, बंद नको करू.’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. टीमक्स लाइन तुटण्यापासून वाचवतो, यंत्र बंद होऊन चालू होण्यापासून नाही. एका रात्रीच्या अपडेटनंतर सर्व्हर उठतो आणि तिसरी खिडकीच नसते. जे रोज चाललं पाहिजे ते लिनक्सवरच्या सिस्टिमडीच्या ताब्यात द्यावं, सर्व्हिस म्हणून. पडलं तर तो उचलतो, सर्व्हर उठला की लावतो, लॉग ठेवतो. नोहप, टीमक्स, सर्व्हिस यांतलं चांगलं कुठलं असं मला पोरं विचारतात. मी उलट विचारते: हे काम उद्या तुझं आहे की कंपनीचं?

सिस्टिमडीवर सगळे खूश आहेत असंही नाही. 2016 च्या मे महिन्यात 230 व्या आवृत्तीत तो बनवणाऱ्यांनी ठरवलं की माणूस लॉगआउट झाला की त्याच्या नावावरची सगळी कामं मारून टाकायची, टीमक्ससकट. केवढा गहजब झाला! डेबियनने तो बदल आपल्याकडे बंदच ठेवला. ज्याला मागे काम ठेवायचंय त्याने आधी ‘लिंगर’ची परवानगी घ्यावी, हे त्यांचं म्हणणं मला तत्त्वतः पटतं. पण चाळीस वर्षांची सवय एका आवृत्तीत मोडायला निघणाऱ्याला शिव्या बसणारच.

6:10

जॉब लागला. पहिल्या शाखेचा कार्तिक बरोबर आला. मुलाने टीमक्स सोडला, लॅपटॉप मिटला आणि अंधेरीहून बोरिवली फास्ट पकडायला पळाला. लिफ्टमध्ये शेजारच्या कंपनीतला एकजण उघडा लॅपटॉप ट्रेसारखा दोन्ही हातांवर धरून उभा होता. “मिटला की बंद पडतं ना,” तो म्हणाला. मेट्रोतही तसाच जाणार होता. कोणी त्याला कधी सांगितलंच नसेल.

8:30

कुकर, मुलीचा अभ्यास. सासूबाई म्हणाल्या, “आलीस ना घरी, आता संपलं ना ऑफिस?” मी म्हटलं, “माझं संपलं, आई. यंत्राचं नाही.” “मग पगार त्याला द्या,” त्या म्हणाल्या आणि मालिकेचा आवाज वाढवला.

10:25

बोरिवलीहून मेसेज: “मॅडम, पन्नास मिनिटं एकाच शाखेवर अडकलाय. किल करून परत लावू?”

“हात लावू नकोस. आधी बघ तो काय करतोय.”

घरून जोडलं. जॉब जिवंत, पण डिस्कची वाट बघत बसलेला. त्याच सर्व्हरवर साडेनऊला बॅकअप सुरू होतो, तो डिस्क ओरबाडत होता. बॅकअप संपेस्तोवर हे असंच रेंगाळणार. किल केला असता तर पुन्हा त्याच रांगेत उभा राहिला असता, वर अर्धी शाखा पुन्हा. मुलाला लिहिलं: झोप, सकाळी खुणा मोज. त्याने अंगठा पाठवला, आणि पाच मिनिटांनी लॉगची शेवटची ओळ. म्हणजे झोपला नाही.

10:50

टोरांटोहून उत्तर आलं. तिकडे दुपार.

“अगं, ते अजून चालतंय? ती बँक केव्हाच दुसऱ्या बँकेत विलीन झाली. ज्या पत्त्यावर फाइल जाते तो पत्ताही बंद असेल. उडवून टाक.”

यादीतली ती ओळ पुसायला हात नेला, एवढ्यात दुसरा मेसेज.

“थांब थांब. खाली मी दुसरी स्क्रिप्ट बोलावलीय बघ. ती जुन्या तात्पुरत्या फाइली पुसते. डिस्क भरायची तेव्हा म्हणून घाईत तिथेच चिकटवली होती. ती गेली तर महिन्याभरात डिस्क फुल.”

स्क्रिप्ट पुन्हा उघडली. खरंच, शेवटची ओळ. गेलेल्या माणसाच्या खात्यावर, विलीन झालेल्या बँकेच्या नावाखाली, रोज रात्री 2:10 ला आमचा सर्व्हर झाडून काढला जात होता. उद्या ती सफाई वेगळी करून कंपनीच्या खात्यावर सर्व्हिस म्हणून लावायची, आठवडाभर डिस्क बघायची, आणि मगच क्रॉनची ही ओळ काढायची. त्याला लिहिलं, “बरं झालं, तू जागा होतास.” तो म्हणाला, “इथे दुपारचा एक वाजलाय, मी ऑफिसात आहे.”